पहिलं पाणी कुठं टाकता?

आमच्या ऑफिसात एक माणूस आहे. पन्नाशीचा, अंगानं काटक, आणि माउस अजूनही असा धरतो की जसं काही चिमणीचं पिल्लू हातात दिलंय. संगणकावर त्याला फारसं काही येत नाही, आणि शिकायची हौसही नाही. पण एखादा नकाशा जमिनीवर नीट बसेना झाला, की आमच्याकडची इंजिनियर झालेली पोरंपोरीसुद्धा खुर्ची फिरवून त्याच्याकडंच बघतात. मी त्यांची मॅनेजर. मीही त्याच्याकडंच बघते. हे असं कशानं झालं ते मला सांगायचंय, आणि त्यासाठी माझी एक चूक सांगावी लागणार आहे. सांगते. लाजायचं वय गेलं आता.

आधी माझं थोडं. मी शिकले अकरावीपर्यंत. अक्षर चांगलं होतं, म्हणून शहरातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटले. ट्रेसर म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईच्या पेनानं रेघ न रेघ उतरवून घेणारी. उन्हाळ्यात मनगटाखाली रुमाल ठेवायचा, नाहीतर घामानं शाई पसरायची आणि चार दिवसांचं काम वाया. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर चाचा बसायचे. आपल्याकडच्या जुन्या गावनकाशांवर निजामाच्या काळातली उर्दू टिपणं असायची. आम्ही पोरी ती अक्षरं नक्षी समजून उतरवायचो. एक दिवस चाचा म्हणाले, "बेटी, लकीर तो कोई भी खींचता. उसके बाजू में क्या लिखा है, वो पढ." आणि डबा खाता खाता त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं. दोन वर्षांत मी 'पत्थर', 'नाला', 'हद' असं वाचायला लागले. नकाशांच्या बाबतीतलं माझं सगळं शिक्षण असंच डब्याच्या वेळेतलं.

मग संगणक आले. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली. बरोबरीच्या बायका घरी बसल्या, मी बसले नाही. आता मी एका खाजगी फर्ममधे आहे, सिडकोत दुसऱ्या मजल्यावर, आणि जीआयएसचं काम करते. म्हणजे जुने गावनकाशे स्कॅन करायचे आणि उपग्रहातून काढलेल्या फोटोवर असे बसवायचे की बांधावर बांध यावा, विहिरीवर विहीर यावी. बारा-चौदा जणं हाताखाली आहेत. कामं वाटून देणं, नकाशे तपासणं, गिऱ्हाइकाला थोपवून धरणं ही माझी कामं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासणी' अशी एक चौकट असते, त्यात माझी सही.

हा माणूस आमच्याकडं आला तो यंत्राचा खांब धरायला. जागेवर जाऊन मोजणी करताना एक लांब काठी सरळ उभी धरावी लागते, त्यासाठी. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तिशीपर्यंत स्वतः कळपामागं हिंडलेला. मुलाखतीत मी विचारलं होतं, "उन्हात किती वेळ उभं राहाल?" तर म्हणाला, "मॅडम, मी बसलोय कधी?" तिथंच त्याला ठेवून घेतला. पुढं फिल्डचं सगळं काम हळूहळू त्याच्याच अंगावर आलं. त्याची कामाची एक पद्धत होती. गावात शिरला की पहिल्या घरी पाणी प्यायचा नाही. गाव ओलांडून शेवटच्या घरी जायचा, तिथं मागायचा. मी कारण विचारलं होतं. म्हणाला, "पैल्या घरचे सगळ्यांना पाणी देतात, मॅडम. त्यांना बोलायचा कंटाळा आलेला असतो."

तर, काम आलं ते पाचोडच्या पुढच्या एका गावाचं. सोलरच्या एका कंपनीला गावचं गायरान भाडेपट्ट्यानं मिळालं होतं. त्याभोवती तारेचं कुंपण घालायचं, आत पॅनल लावायचे. कुंपण कुठून घालायचं हे गायरानाच्या हद्दीवरून ठरणार, आणि हद्द आमच्या नकाशावरून. गावनकाशा काढला तर मला ओळखीचा वाटला. जवळ घेतला, आणि खरंच, ऐन विशीत मी स्वतः ट्रेस केलेला. कोपऱ्यातल्या टिपणाला माझ्या हाताचं वळण. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. साऱ्या ऑफिसला दाखवला.

नकाशा जमिनीवर बसवायचा तर चार-सहा पक्क्या जागा लागतात. नकाशावरही दिसणाऱ्या आणि जमिनीवरही सापडणाऱ्या. जुनी विहीर, नाल्याचा फाटा, शिवेचा दगड. या गावाच्या एका कोपऱ्यावर तीन गावांच्या शिवा मिळतात, तिथं नकाशात 'पत्थर' लिहिलेलं. आमचा माणूस तेव्हा देवगाव रंगारीकडं दुसऱ्या कामावर होता. म्हणून मी स्वतः गेले, दोन पोरं घेऊन. त्या कोपऱ्यात लिंबाचं मोठं झाड, आणि झाडाखाली गुडघ्याएवढा घडीव दगड, शेंदूर फासलेला. म्हसोबा. आता या धंद्यातल्या कुणालाही विचारा, शिवेच्या दगडाला लोक शेंदूर लावतात आणि त्याचा देव होतो. शंभर जागी बघितलंय. मी पोरांना म्हणाले, "हाच. घ्या याची मोजणी." पोरांनी घेतली.

ऑफिसात नकाशा बसवायला घेतला ती मुलगी फार नीट काम करणारी. ती म्हणाली, "मॅडम, बाकीचे पॉइंट बरोबर बसतायत. हा दगडाचा एकच चूक दाखवतोय. लई दाखवतोय."

मी उठलेसुद्धा नाही. म्हणाले, "कागद आखडलाय. जुना कागद एका बाजूनं आखडतो. मी ट्रेस केलाय तो, मला माहितीय."

"पण मॅडम, एवढा आखडंल?"

"तू जन्मायच्या आधीपासून आखडतोय तो."

पोरं हसली. तीही हसली. तिनं नकाशा त्या दगडाकडं ओढून बसवला. मी सही केली. नकाशा कंपनीला गेला.

दीड महिन्यानं एका सकाळी आमचा माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्या भागात दुसऱ्या कामाला जाऊन आला होता.

"मॅडम, तिकडं कंपनीनं कुंपणाचा चुना मारलाय. तलावाची वाट आत गेली."

मी म्हणाले, "कुठली वाट?"

"मेंढरांची. शिवेला लागून जाते, पलीकडच्या अंगानं. तिकडच्या पंधरा-वीस घरांची जित्राबं त्याच वाटंनं पाण्याला जातात. दुसरी वाट नाय. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला मोसंबीचे बाग. बागवाले कळप घालू देत नाहीत."

"मग ती वाट गायरानात असेल. आपल्या नकाशात हद्द तिच्या बाहेरून आहे."

तो म्हणाला, "नकाशा बरोबर असंल, मॅडम. मग मेंढरं चुकीची असतील."

रागावून नाही म्हणाला. नेहमीच्याच आवाजात. पण मला ते असं लागलं की मी समोरची फाइल मिटली. विचारलं, "खांब कधी उभे करणारेत?"

"खड्डे काढायचं यंत्र आलंय. चार-पाच दिवस."

मुलीला चूक दाखवणाऱ्या त्या दगडाचं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार होता. मी म्हणाले, सरळ गावात जाऊ, सरपंचाला विचारू. तो म्हणाला, "सरपंचाला शेत माहिती. आपल्याला वाट विचारायचीय. बाजारात चला." शेळ्या-मेंढ्यांचा बाजार एका कडंला भरतो, तिथं मला घेऊन गेला. धूळ, लेंड्या, चहाची गाडी, आणि हातरुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारी माणसं. तिथं एक म्हातारी बाई दोन कोकरं घेऊन बसलेली. हातभर हिरव्या बांगड्या, डोळे बारीक. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. आधी कोकरांच्या दातांबद्दल बोलला, मग पावसाबद्दल, मग कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल. मी मागं उभी, पायाला रग लागलेली. मला वाटलं आता विचारेल, मावशी, तो दगड कुणी हलवला का? मी असते तर हेच विचारलं असतं. आणि ती म्हणाली असती, नाय बाई. कारण देवाला हात लावला असं परक्या माणसापुढं कोण कबूल करतं?

त्यानं विचारलं, "आत्या, तुमच्या म्हसोबाच्या जत्रंला पैलं पाणी कुठं टाकता?"

म्हातारीनं उलट विचारलं, "तू कुणाचा रं?"

त्यानं आपलं घर सांगितलं, वाडी सांगितली. तिनं मान हलवली. "म्हंजे आपल्यातलाच की. मग इचारतो कशाला? पैलं पाणी पैल्या जागंला. मग लिंबाखाली."

"पैली जागा किती लांब?"

"व्हईल चाळीस-पन्नास पावलं. बोरीच्या झुडपापाशी."

मला तर काही उमगेना. त्यानं मला नंतर जीपमधे सांगितलं. त्यांच्यात रीत आहे. देव एका जागेवरून दुसरीकडं नेला, तरी जुनी जागा मोकळी सोडत नाहीत. दर जत्रेला आधी तिथं तांब्याभर पाणी, मग नव्या जागी पूजा. "आमच्या वाडीत देव हलवून तीन पिढ्या झाल्या," तो म्हणाला, "अजून माझी आई तिथं पाणी टाकती. त्या जागंवर आता कुणाचीतरी मोटरसायकल उभी असती. ती मोटरसायकलच्या चाकावर टाकती."

म्हातारी आमच्याबरोबर जीपमधे बसली, कोकरं शेजारणीकडं देऊन. वाटेत मी विचारलं, "आजी, देव हलवला कशाला?"

"बाई, जत्रा कधी? चैतात. बोरीपाशी सावली कुठं? आम्ही बायका चूल मांडून तिथं उन्हात मरायच्या. एकीला घेरीच आली. मग आमच्या मालकानं कौल लावला देवाला. उजवा पडला. चौघांनी घोंगडीत घालून नेला लिंबाखाली." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "देवालाबी सावली लागतीच की. तुम्ही लोक फॅनखाली बसता."

जागेवर पोचलो. कंपनीचा पांढरा चुना लांबवर गेलेला, लिंबाच्या झाडापर्यंत. आणि चुन्याच्या आत ती वाट, खुरांनी कुटून कुटून पिठासारखी झालेली, थेट तलावाकडं उतरणारी. तेवढ्यात एक कळप आलाच. पुढची मेंढी चुन्याच्या रेघेपाशी थबकली, वास घेतला, आणि ओलांडून गेली. म्हातारीनं चुन्याकडं बोट करून विचारलं, "हितं तार येणार?"

मी म्हणाले, "हो."

"मग पाण्याला कुठून न्यायचं?"

रेघ तर मीच मारलेली.

बोरीच्या झुडपापाशी ती थेट जाऊन उभी राहिली. तिथं दगड नाही, खूण नाही, काही नाही. नुसती जमीन. तेव्हा मला चाचांची एक गोष्ट आठवली. जुने मोजणीदार शिवेचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायचे म्हणे. दगड गेला तरी कोळसा कुजत नाही. मी कधी बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं. पण मी म्हणाले, खणून बघू. त्यानं आधी गावात जाऊन पोलीस पाटलांना आणि दोन शेतकऱ्यांना बोलावून आणलं. एकट्यानं खणलेलं कुणी मानत नाही, हे त्याला ठाऊक. म्हातारीनं आधी तांब्याभर पाणी टाकलं. मग त्यानं पहार घातली. हातभर खाली माती बदलली. मूठभर काळे तुकडे निघाले, बोटानं चोळले तर बोट काळं. त्याखाली चुन्याचा थर.

पोलीस पाटील म्हणाले, "आयला, हे इथं होतं व्हय."

मी तिथंच बांधावर बसले. चाळीस-पन्नास पावलं. कागद आखडला नव्हता. मुलगी बरोबर होती, मेंढरं बरोबर होती, चाचाही बरोबर होते. एकट्या माझ्या सहीनं पंधरा-वीस घरांचं पाणी तारेच्या आत गेलं होतं.

परतताना जीपमधून फर्मच्या मालकांना फोन लावला. माणूस वाईट नाहीत, पण धंदा बघतात. म्हणाले, "मॅडम, नकाशा मंजूर झालाय त्यांच्याकडं. आत्ता गडबड नको. पुढं कधीतरी दुरुस्ती टाकू. ती माणसं काढतील दुसरी वाट."

मी म्हणाले, "दुसरी वाट नाही. आणि खांब उभे राहिले की मग कुणी नकाशा उघडून बघत नाही."

"तुमच्या सहीचा नकाशा तुम्हीच चुकीचा म्हणणार? पुढचं काम देईल का ती कंपनी?"

शेजारी तो बसलेला, खिडकीतून बाहेर बघत. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मी मालकांचं ऐकलं असतं, माझाच मान राखण्यासाठी. तो गप्प बसला, म्हणून मला माझंच ऐकावं लागलं.

ऑफिसात येऊन मी पत्र आधी हातानं लिहिलं. मेल लिहिताना माझी चूक मला बारीक दिसायला लागते, म्हणून. लिहिलं की अमुक नकाशात शिवेच्या दगडाची जागा चुकीची धरली गेली, ती धरायला मी सांगितलं, आमच्या सहकारी मुलीनं शंका घेतली होती ती मी उडवून लावली, आणि कुंपणाचं काम थांबवावं. मुलीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "मॅडम, माझं कशाला लिहिलं?"

"तू म्हणाली होतीस म्हणून."

"मी नंतर हसले होते की."

"तेही लिहू का?"

मग तिनं ते टाइप केलं, खोदलेल्या जागेचे फोटो आणि पोलीस पाटलांच्या सहीचा कागद जोडला, आणि आम्ही पाठवून दिलं. मालक दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

कंपनीचा इंजिनियर आला. तरुण होता, वैतागलेला होता, पण ऐकणारा. त्यांनी खड्ड्यांचं यंत्र थांबवलं आणि सरकारी मोजणी मागवली. तिला महिना गेला. मोजणीला आमचा माणूस रोज गेला, कुणी बोलावलं नव्हतं तरी. मोजणीदारांनी कोळशाची जागा धरली, आणि बाकीच्या सगळ्या खुणा तिच्याशी जुळल्या. नवा चुना पडला. वाट बाहेर आली.

नवा नकाशा तयार झाला तेव्हा मी त्याला बोलावलं. 'तपासणी'च्या चौकटीत आणखी एक सही मावेल एवढी जागा होती. मी पेन पुढं केलं.

"मी कशाला, मॅडम? मला काय कळतंय यातलं."

"तुला काय कळतं ते मला कळलंय. कर."

त्यानं शर्टाला हात पुसले, जसं काही हाताला माती आहे. मग शाळेतल्या पोरासारखी एक-एक अक्षर लावून सही केली. करून झाल्यावर नकाशा उचलून लांब धरला, आणि बोरीच्या जागेचा ठिपका शोधायला लागला. मी म्हणाले, मोठा करून दाखवते स्क्रीनवर. तो म्हणाला, "नको. दिसला."

आता आमच्या फिल्डच्या छापील फॉर्मवर एक ओळ वाढवलीय. शिवेवर देव असेल तर पहिलं पाणी कुठं टाकतात. नवीन आलेली पोरं विचारतात, हे काय? तर ती मुलगी, जी आता स्वतः गट सांभाळते, त्यांना म्हणते, "मॅडमना विचारा, कागद कसा आखडतो ते." आणि सगळी माझ्याकडं बघून हसतात. हसू देते. मला तेवढं पुरतं.

कुंपण झाल्यावर मी एकदा तिकडं गेले होते, नवा नकाशा घेऊन, म्हातारीला दाखवावा म्हणून. तार लांबवर गेलेली, आत पॅनल चकाकत होते, आणि तारेच्या बाहेरून ती वाट. म्हातारी कळपामागून येत होती. मी वाटेतच उभी राहिले, नकाशा उलगडला, आणि म्हणाले, "आजी, हे बघा, ही तुमची वाट."

तिनं पाय न थांबवता हातातली काठी आडवी केली. "बाजूला व्हा, बाई. जित्राबं तान्हेली हायेत."

मी बाजूला झाले. मेंढरं माझ्या साडीला घासून गेली, खाली तलावाकडं.